पाटीमागचा डोळा

चर्चमध्ये गीतांच्या क्रमांकांची पाटी कुठे लावावी हे सांगायला विद्वान लागत नाही. समोर, उंचावर, सगळ्यांना दिसेल अशी लावावी. या चर्चमध्ये मात्र ती डाव्या भिंतीवर, दुसऱ्या खांबाच्या आड, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर टांगलेली होती. उजव्या बाकांवरच्या मंडळींना ती मान लांब केली की दिसायची. डाव्या बाकांवरच्यांना अजिबात दिसायची नाही. त्यांच्या सोयीसाठी खांबाला टेकून एक आजी बसत आणि पाटीवरचा आकडा बोटांनी करून दाखवत. सगळे त्यांना बोटआजी म्हणत. गेली चारपाच वर्षे संधिवाताने बोटआजींचे एक बोट मिटेनासे झाले होते, त्यामुळे त्या दोन दाखवायला गेल्या की तीन दिसत. मग उजवी बाजू एकशे बारा नंबरचे गीत म्हणे, डावी एकशे तेरा, आणि मध्ये ऑर्गनमास्तर जोरजोरात वाजवून दोघांनाही बुडवून टाकत.

पाटी हलवावी असे दर दोनतीन वर्षांनी कुणाच्या तरी डोक्यात यायचे आणि दर वेळी चुनेकाका आडवे यायचे.

चुनेकाका म्हणजे चर्चला दरवर्षी चुना देणारे गृहस्थ. वय अडुसष्ट, भुवया पांढऱ्या, त्यातला वयाचा पांढरा किती आणि चुन्याचा किती हे त्यांच्या बायकोलाही सांगता आले नसते. त्यांच्या आधी हे काम वडील करत, त्याआधी आजोबा, असे मोजत गेले तर आठ पिढ्या भरत. घराण्यात कुंचला वारशाने येई आणि डावा हातही. झाडून सगळे डावखुरे. त्यामुळे चर्चच्या भिंती तिरप्या उन्हात पाहिल्या तर कुंचल्याचे फराटे उलट्या दिशेने गेलेले दिसत. पण पांढरी भिंत निरखून बघत बसायला लोकांना वेळ नव्हता.

या पांढऱ्या भिंतींची हकीकत अशी. चर्च बांधले कॅथलिकांनी. त्यांनी बोटभर जागा मोकळी ठेवली नव्हती. संत, देवदूत, ढग, ढगांवर आणखी देवदूत. मग राज्य बदलले. नवे राज्यकर्ते प्रोटेस्टंट, त्यातही फार कडक, भिंतीवर चित्र दिसले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. गावाला सांगण्यात आले की येत्या रविवारपासून तुम्ही प्रोटेस्टंट. गाव झाले. शुक्रवारपर्यंत मेणबत्त्या लावणारी माणसे रविवारी मेणबत्तीकडे बघून नाक मुरडू लागली. माणसांचे ठीक आहे, ती आठवड्यात बदलतात. भिंतींना कोण समजावणार? तेव्हा चुनेकाकांच्या आठ पिढ्यांतल्या पहिल्या पूर्वजाला बोलावणे आले. हा पूर्वज त्या चित्रकाराच्या हाताखाली रंग घोटणारा. चित्रकार हवा बदललेली पाहून रातोरात पसार झाला. याला बायकापोरे होती, हा राहिला. त्याला सांगितले, शनिवारपर्यंत सगळे पांढरे कर.

त्याने केले. चुनकळी भिजवली, कुंचला घेतला आणि तीन दिवसांत वरपासून खालपर्यंत सगळे संत झाकले. कुणासाठी थांबला नाही. पण शनिवारी संध्याकाळी डाव्या भिंतीच्या खालच्या भागात एका डोळ्यापाशी आला आणि तिथे त्याचा हात चालेना. तळहाताएवढी जागा सोडून तो पुढे गेला. रविवारी मंडळी यायच्या आत हाताशी होती ती गीतांची पाटी त्याने तिथे टांगून दिली. पाटी तिथे का, याला दुसरे काही कारण नव्हते.

तेव्हापासून दरवर्षी चुना द्यायचा तो डोळा सोडून. सव्वादोनशे हात चढले, भिंत बोटभर फुगली आणि डोळा आत आत गेला, खिडकीआड बसून कुणी बाहेर बघावे तसा. मुलगा एकविसाचा झाला की बाप त्याला चर्चमध्ये नेई, पाटी काढी आणि म्हणे, “बघ.” मग कुणाला न सांगण्याची शपथ आणि डोळा पुसायची रीत. पावातला मऊ गर घ्यायचा, डोळ्यावर टेकवायचा, हलके दाबायचे. घासायचे नाही. धूळ पावाला लागून येते.

चुनेकाकांना वडिलांनी दाखवला तेव्हा त्यांनी विचारले होते, “कुणाचा आहे?”

“पवित्र मरियेचा,” वडील म्हणाले. “किती दमलेला आहे बघ. रडून रडून बाहुलीसुद्धा आडवी झालीय.”

“मग मरिया इतकी खाली कशी? कमरेपाशी?”

“नम्रता,” असे म्हणून वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

आजोबांचे मत वेगळे होते. ते म्हणत हा गब्रिएल देवदूत, आत्ताच खाली उतरलाय म्हणून खाली. या एका मुद्द्यावरून बापलेक वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते आणि घरातल्या बायकांना कधी कळले नाही की नेमके बिनसलेय कशावरून.

आता यात अडचण अशी की चुनेकाका मनापासून प्रोटेस्टंट होते. त्यांना कोरी भिंत आवडे. घरात कॅलेंडर आणायचे तर ते फक्त तारखांचे. चित्रांसमोर हात जोडणाऱ्यांबद्दल ते फार तिखट बोलत. पण वर्षातून एकदा पाटी काढून त्या दमलेल्या डोळ्यासमोर उभे राहिले की त्यांना कुणीतरी आपली वाट बघत होते असे वाटे. या दोन गोष्टींचा मेळ त्यांनी कधी घातला नाही. त्यांना एकच घोर होता: त्यांना मुलगा नव्हता.

आणि एक बारीकसा सल होता. पाटीचा खालचा उजवा कोपरा झिजून गुळगुळीत झाला होता. ऑर्गन तिथून जवळ, तेव्हा मास्तर जातायेता त्यावर हात ठेवत असणार, हे चुनेकाकांनी ठरवून टाकले होते. मास्तर नाही म्हणाले. त्यावरून दोघांत बारा वर्षे अबोला होता.

गेल्या वर्षी जुने पाळकसाहेब निवृत्त झाले आणि नव्या पाळकबाई आल्या. तरुण, चटपटीत, आल्या आल्या त्यांनी चर्चमधली सगळी कपाटे आवरली. चुनेकाकांचे गुडघे त्याच सुमारास संपावर गेले. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना घाम फुटतो हे पाळकबाईंनी पाहिले आणि पंचांची बैठक बोलावली.

“काका, तुम्ही खूप केलंत,” बाई म्हणाल्या. “आता सोमवारपासून रंगारी येतायत. प्लास्टिक पेंट, रोलर. दहा वर्षं भिंतीकडे बघायला नको. आणि ती पाटी आपण समोर घेतोय.”

“पाटी हलवता यायची नाही.”

“का?”

“खिळा जुना आहे.”

“नवा मारू.”

“त्या खिळ्यावर भिंत उभी आहे,” चुनेकाका म्हणाले.

पंचांमध्ये एक बांधकामातले गृहस्थ होते. ते म्हणाले, “काका, भिंत दोन हात जाड आहे.”

“म्हणूनच. जाडालाच आधार लागतो.”

बाईंनी हसू आवरले. मग चुनेकाकांनी बोटआजींना पुढे केले. म्हातारीला तेवढाच उद्योग, तो काढून घेऊ नये. बोटआजी तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझी काळजी नको रे बाबा. मी डोळे मिटून बसेन, माझं बोट तरी सुटेल.” ठराव पास झाला. सोमवारी सकाळी आठला रंगारी.

चुनेकाका घरी आले ते पाय ओढत. गप्प बसावे तर सोमवारी रोलर फिरणार आणि आठ पिढ्यांनी जपलेला डोळा एका फटक्यात मिटणार. रंगाऱ्याला कळणारही नाही, तो खड्डा समजून आधी लांबी भरून बुजवेल. आणि बोलावे तर शपथ मोडते, शिवाय सगळ्या मंडळींना कळते की ज्यांना भिंत कोरी करायला सांगितले त्याच घराण्याने तिच्यात सव्वादोनशे वर्षे चित्र लपवून ठेवले. वडिलांची अब्रू जाणार, आजोबांची जाणार, आपली तर जाणारच. त्यांनी ताट बाजूला सारले.

काकूंनी ते ताट परत पुढे सारले. “अहो, त्या पाटीमागे काय आहे ते एकदाचं सांगून टाका कुणाला तरी.”

चुनेकाकांनी तांब्यातले पाणी उगाच भांड्यात ओतले. “पाटीमागे काय असणार?”

“लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. दर वर्षी चुना द्यायला जाताना तुम्ही खिशात पाव नेता आणि संध्याकाळी तो काळाकुट्ट होऊन परत येतो. मला वाटायचं उंदीर पाळलाय. पण उंदरापायी कुणी जेवण टाकत नाही.”

“मुलाला सांगायचं असतं ते,” चुनेकाका हळूच म्हणाले.

“मुलगा नाहीये. मुलगी आहे. तिला सांगा आणि जेवा.”

मुलगी दोन रस्ते पलीकडे चष्म्याच्या दुकानात काम करी. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचे, हनुवटी टेकवायला लावायची आणि त्यांच्या डोळ्यांत बघायचे. तीही डावखुरी. शनिवारी दुपारी दुकान अर्धा दिवस असते, तेव्हा चुनेकाका तिला चर्चमध्ये घेऊन गेले. दार आतून लावले. एकविसाव्या वर्षी दाखवायचे ते अडतिसाव्या वर्षी दाखवतोय म्हणून त्यांना थोडे ओशाळे वाटत होते. त्यांनी पाटी काढली आणि बापाच्याच आवाजात म्हणाले, “बघ.”

मुलगी वाकली. पर्समधून छोटी बॅटरी काढली. गिऱ्हाइकाचा बघावा तसा तिने तो डोळा बघितला, डावीकडून, उजवीकडून, मग सरळ. चुनेकाका तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटण्याची वाट बघत उभे राहिले.

“बाबा,” ती म्हणाली, “हा माणसाचा डोळा नाही.”

“देवाच्या आईचा आहे. माणसाचा कसा असेल?”

“तसं नाही. बाहुली आडवी आहे.”

“रडून रडून—”

“रडून डोळा लाल होतो, बाबा. बाहुली आडवी होत नाही. अशी आडवी बाहुली गवत खाणाऱ्यांची असते. शेळी, मेंढी, घोडा, गाढव.”

चुनेकाका बाकावर बसले. आठ पिढ्या. शपथा. वर्षभर एकमेकांशी न बोललेले बापलेक. “तुझ्या आजोबांनी या डोळ्यापुढे टोपी काढली होती,” ते म्हणाले, आणि आवाजात रागच जास्त होता.

“काढली तर काढली. बिचाऱ्या जनावराला एरवी कोण मान देतं?”

चुनेकाका पाटी मांडीवर घेऊन बसून राहिले. वडिलांना या क्षणी काय वाटले असते याचा ते विचार करत होते आणि त्यांना फार वाईट वाटत होते. मग हळूहळू त्यांच्या लक्षात दुसरीच गोष्ट येऊ लागली. या चर्चमध्ये बंदी होती ती संतांच्या चित्रांना. मूर्तिपूजा नको, मरियेपुढे गुडघे नकोत. जनावराबद्दल कधी कुठल्या पाळकाने चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी घराण्यावर आठ पिढ्यांचा आळ घेतला होता तो मरियेच्या हिशेबाने. शेळीमेंढीसाठी कोण कुणाला मंडळीतून काढणार? ते उठले तेव्हा गुडघेही जरा कमी दुखत होते.

रविवारी उपासना संपली. उजव्या बाजूने सत्तर म्हटले होते, डाव्या बाजूनेही चक्क सत्तरच म्हटले, कारण त्यात दोन नव्हता. पाळकबाईंच्या सूचना सांगून झाल्या आणि चुनेकाका उभे राहिले. चर्चमध्ये ते कधी बोलले नव्हते.

“आमच्या घराण्यानं आठ पिढ्या या चर्चला चुना लावला,” ते म्हणाले. मागच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसले. चुनेकाका थांबले, शब्दांकडे परत एकदा बघितले आणि म्हणाले, “तसाही लावला म्हणा. एक तळहात जागा सोडून.” आणि त्यांनी जाऊन पाटी उतरवली.

मंडळी उठून जवळ आली. पाळकबाई खाली वाकल्या आणि त्यांचे तोंड उघडे राहिले. तेवढ्यात पहिल्या बाकावरून काठीचा आवाज आला. जुने पाळकसाहेब उभे राहिले होते.

“ती मरिया आहे,” ते म्हणाले.

आता चुनेकाकांचे तोंड उघडे राहिले.

“मला माझ्या आधीच्या पाळकांनी सांगितलं होतं. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. चाव्यांचा जुडगा देताना कानात सांगतात. पाटीमागे पवित्र मरियेचा डोळा आहे. तुला ठाऊक आहे हे चुनेवाल्याला कळू देऊ नकोस, नाहीतर लाजेकाजेस्तव तो बिचारा पुसून टाकील.”

“मला नाही सांगितलंत,” पाळकबाई म्हणाल्या.

“तुम्ही आल्या आल्या कपाटं आवरायला घेतलीत. मला धीर झाला नाही.” पाळकसाहेबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. “एकतीस वर्षं मी इथून चित्रांविरुद्ध उपदेश केला. आणि दर रविवारी त्याच्या आधी हळूच पाटीचा कोपरा उचलून तिची माफी मागितली.”

चुनेकाकांनी हातातल्या पाटीचा खालचा उजवा कोपरा बघितला. मग ऑर्गनमास्तरांकडे बघितले. मास्तर हाताची घडी घालून उभे होते. त्यांना घाई नव्हती.

“मास्तर,” चुनेकाका म्हणाले, “चुकलं माझं.”

“बारा वर्षं,” मास्तर म्हणाले. पण घडी सोडली.

मग मुलगी पुढे झाली आणि तिने आडव्या बाहुलीचे सांगितले. पाळकसाहेबांनी ते दोनदा सांगायला लावले. पंच म्हणाले, असे नुसते डोळ्यावरून कसे ठरवणार. शेवटी पाळकबाईंनी निकाल दिला. “काका, वर जरा खरवडून बघा.”

चुनेकाकांनी पोटमाळ्यावरून खरवडायची पट्टी आणली. आयुष्यभर ज्या भिंतीला हात दिले तिचे पापुद्रे काढताना त्यांना अंगावरची कातडी सोलल्यासारखे झाले. आधी स्वतःचे हात निघाले, मग वडिलांचे, मग आजोबांचे, ते जरा निळसर, कारण आजोबा नीळ सढळ घालत. त्याच्याखाली करडे काहीतरी दिसू लागले. ते वर गेले. आणखी वर गेले. वीतभर झाले तरी संपेना, आणि शेवटी टोकाला आले तेव्हा शंका घ्यायला जागा उरली नाही. एवढा लांब कान जगात एकाच प्राण्याला असतो.

“गोठ्यातलं गाढव,” पाळकबाई म्हणाल्या. “गव्हाणीजवळचं.”

आधी डावी बाजू हसली, मग उजवी, आणि त्या चर्चमध्ये फार वर्षांनी दोन्ही बाजू एका तालात आल्या. पाळकसाहेब बाकावर बसले. “एकतीस वर्षं मी गाढवाची माफी मागत होतो,” ते म्हणाले.

“दिली असेल त्यानं,” काकू म्हणाल्या. “डोळ्यावरून गरीब वाटतंय.”

पुढचे थोडक्यात सांगतो. पाळकबाईंनी रंगाऱ्यांना ती भिंत सोडायला सांगितली. पाटी समोर, उंचावर, सगळ्यांना दिसेल अशी लागली. बोटआजी दोन रविवार डोळे मिटून बसल्या, तिसऱ्या रविवारी बोटे आपोआप वर झाली. डावी बाजू अजूनही पाटीपेक्षा त्यांच्यावरच विश्वास ठेवते आणि एकशे तेरा म्हणते.

पण त्या रविवारी सगळे हसत हसत बाहेर गेल्यावर चुनेकाका तिथेच राहिले. मुलगी थांबली. चुनेकाकांनी खिशातून पाव काढला आणि कानावरची चुन्याची भुकटी टिपू लागले. कानाच्या कडेला केस होते, एकेक केस वेगळा काढलेला, कुंचल्याच्या नव्हे, बारीक कुंचलीच्या टोकाने. टिपता टिपता त्यांचा हात थांबला. त्यांनी पाव खाली ठेवला, डाव्या हाताची दोन बोटे जुळवली आणि हवेतच त्या केसांवरून फिरवली. मग उजव्या हाताने तसेच करून बघितले. उजव्याने जमेना.

“काय झालं, बाबा?”

“सगळे फटकारे उलटे आहेत,” चुनेकाका म्हणाले. “आपल्यासारखे.”

मुलगी वाकून बघू लागली. चुनेकाका जमिनीवर मांडी घालून बसले, गुडघ्यांना न विचारता. वर उंच भिंतीवर, चुन्याखाली, चित्रकाराने स्वतः काढलेले संत आणि देवदूत होते. खाली जमिनीलगत, जिथे बसून रंगवताना पाठ मोडते, तिथे एक गाढव होते. ते चित्रकाराने रंग घोटणाऱ्याला दिले असणार. घे, तू कर हे. त्याच्या आयुष्यातले पहिलेच, आणि राज्य बदलले म्हणून शेवटचे. संत पुसताना त्याचा हात थांबला नव्हता, कारण ते दुसऱ्याचे होते.

चुनेकाकांना एकदम रडू आले. वडिलांना हे सांगायला हवे होते, असे ते दोनदा म्हणाले. मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला.

मग चुनेकाकांनी नाक पुसले, उरलेल्या पावाचे दोन तुकडे केले आणि एक तिच्या डाव्या हातात दिला. “घासायचं नाही,” ते म्हणाले. “नुसतं टेकवायचं.”